दुसऱ्या नंबरची चटणी

"ही चटणी शालन चौगुले यांची नाही," असं यंत्रानं जाहीर केलं तेव्हा शालन चौगुले स्वतः माझ्यासमोर पाटावर बसल्या होत्या आणि त्याच चटणीतले न कांडले गेलेले खोबऱ्याचे तुकडे वेचत होत्या. चटणी डंकावरून, म्हणजे कांडपाच्या गिरणीतून, नुकतीच घरी आली होती. डबे अजून हाताला गरम लागत होते.

"मग कुनाची हाय म्हनतंय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"ते नाही सांगत, आई. आपल्या नोंदीशी जुळत नाही, एवढंच म्हणतंय."

"मिरच्या मी निवडल्या. खोबरं मी भाजलं. लसूण सोलून बोटं पोळल्यात माझी. आनि चटणी कुना परक्या बाईची व्हय? तुझ्या त्या नखीला सांग, आदी डोळं तपासून ये म्हनावं."

शालन चौगुले माझ्या सासूबाई. मी ऋजुता, त्यांची सून, आणि त्यांनी जिला डोळे तपासायला पाठवलं ती नखी बनवणाऱ्या कंपनीत मी नोकरी करते. त्यामुळे घरात यंत्र चुकलं की मी चुकलेली असते. यंत्र बरोबर निघालं की मात्र श्रेय यंत्राला जातं. मी पट्टी बदलली, दुसऱ्या डब्यातली चिमूट घेतली, स्पिरिटच्या थेंबात विरघळवली आणि पुन्हा तपासली. पुन्हा लाल अक्षरं. तिसरा डबा, चौथा डबा, सगळीकडे तेच. सासूबाईंचा हात वेचता वेचता थांबला होता.

आमच्या गडहिंग्लजमध्ये चटणी म्हणजे इडलीबरोबरची नव्हे. कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, गरम मसाला आणि दोन-तीन जातींच्या मिरच्या एकत्र कांडून जे लालभडक तिखट होतं, ती चटणी. उन्हाळ्यात एकदा करायची आणि वर्षभर खायची. सासूबाई आधी घरापुरती करायच्या, मग नातेवाइकांपुरती, मग नातेवाइकांच्या ओळखीच्यांनी नंबर लावले. आता त्यांच्या नावाचं पाकीट पुण्याला जातं, दुबईला जातं. तरी त्यांनी पसारा वाढवला नाही. दोन दिवसांच्या कांडपात होईल तेवढीच चटणी करायची, सगळी एकत्र कालवायची, संपली की पुढच्या वर्षी या.

लोकांना वेड कशाचं होतं, तर तिखट ओसरल्यावर जिभेवर जे काही घडायचं त्याचं. हलकी झिणझिणी यायची, जणू जिभेवर कुणी बोटांची टोकं नाचवतंय, आणि पुढचा घास घ्यावासा वाटायचा. असं का होतं, असं विचारलं की सासूबाई आपला उजवा हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "ह्यो हात लागतोय."

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या दुकानांत त्यांच्या नावाची खोटी पाकिटं दिसू लागली. त्यात रंग होता, भुसा होता आणि सासूबाईंचा फोटोही होता, तोही चांगला आलेला नव्हता. त्यांना राग फोटोचा जास्त आला. तेव्हा मीच सुचवलं, की तुमच्या चटणीचा रेणूठसा नोंदवून टाकू. ज्याच्या फोनला नखी आहे तो कुणीही घरबसल्या पाकीट खरं की खोटं ते पाहील.

हे नखी प्रकरण काय आहे ते आता सांगायला हवं.

कुठलाही रेणू स्वस्थ बसत नाही. त्यातले अणू ज्या बंधांनी बांधलेले असतात ते बंध सारखे ताणले जातात, वाकतात, थरथरतात, आणि प्रत्येक बंधाची थरथरण्याची गती ठरलेली असते. ही गती अवरक्त प्रकाशाच्या पट्ट्यात येते, म्हणजे जो डोळ्याला दिसत नाही पण तापल्या तव्याजवळ हात नेला की कळतो, त्या प्रकाशाच्या. असा प्रकाश रेणूवर पाडला की प्रत्येक बंध आपल्या गतीचा तेवढा गिळतो आणि उरलेला सोडून देतो. परत आलेल्या प्रकाशात कुठे कुठे खड्डे पडलेत ते पाहिलं की समोर कोण आहे ते कळतं. हे शास्त्र तसं जुनंच आहे.

अडचण होती ती मापाची. अवरक्त प्रकाशाची लहर रेणूच्या हजारो पट लांब. रेणू थोडेच असले तर लहर त्यांच्यावरून निघून जाते, तिला पत्ताही लागत नाही. मासे धरायच्या जाळ्यानं चिलटं धरायला बसावं तसं ते होतं. म्हणून सोन्याच्या काड्या आल्या. जुन्या रेडिओची अँटेना जशी हवेतल्या लांबच लांब लहरी पकडते, तशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी सोन्याची काडी अवरक्त लहर पकडते. अशा दोन काड्या टोकाला टोक आणून ठेवल्या आणि मध्ये जेमतेम काही रेणू मावतील एवढी फट सोडली, की पकडलेला सगळा प्रकाश त्या फटीत गोळा होतो आणि तिथं त्याची तीव्रता हजारो पट वाढते. त्या फटीत जो रेणू सापडला त्याची थरथर मग लपत नाही.

याच काड्या सोन्याच्या आरशावर, मध्ये एक पातळ थर देऊन, ठरावीक नक्षीत मांडल्या की आणखी एक गंमत होते. तो पृष्ठभाग आपल्या ठरलेल्या लहरीचा प्रकाश जवळजवळ सगळा पिऊन टाकतो. नुसतं सोनं असं वागत नाही आणि मधला थरही वागत नाही. हा गुण कुठल्या पदार्थाचा नसून मांडणीचा आहे, आणि अशा मांडणीला मेटामटेरियल म्हणतात. त्यावर रेणू येऊन बसला की मात्र ते पिणं बिघडतं, आणि कसं बिघडलं यावरून रेणू ओळखता येतो. नखाएवढ्या पट्टीवर असे शेकडो चौकोन असतात. प्रत्येकातली काडी शेजारच्या चौकोनातल्या काडीपेक्षा किंचित लांब, म्हणजे प्रत्येक चौकोन एकेका थरथरीवर कान देऊन बसलेला.

आमच्या कंपनीनं ही पट्टी इतकी स्वस्त केली की ती फोनच्या पाठीला चिकटून मिळू लागली. नखी हे नाव लोकांनीच ठेवलं. त्यानंतर काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाला दारात आला की पहिला थेंब नखीवर जातो. आजऱ्याच्या एका लग्नात वरमाईनं पंगतीतच श्रीखंडाला नखी लावली आणि केशराच्या जागी रंग निघाला. लग्न लागलं, पण पंगत उठली. मावशीनं प्रेमानं दिलेलं तूप न तपासता खाणारा माणूस आता माझ्या ओळखीत नाही, आणि हे मला फारसं आवडतं असंही नाही. पण पगार त्याचाच येतो.

तर अशा या नखीनं सासूबाईंचीच चटणी खोटी ठरवली होती. नियम असा, की ठसा जुळल्याशिवाय पाकिटावर नावाचा शिक्का लावायचा नाही. शिक्का लावला असता तरी उपयोग नव्हता, कारण घेणारा प्रत्येक जण घरी तपासणारच होता.

सासूबाईंनी शेवटी बोट चटणीत बुडवून जिभेवर ठेवलं. मग झिणझिणीची वाट पाहिली.

"खरं बोलालंय गं तुजं यंत्र," त्या म्हणाल्या. "मुकी हाय ही. तिखट हाय, खमंग हाय, पर मुकी हाय."

"मिरचीचा फरक असेल."

"मिरची तीच. ब्याडगी तीच, संकेश्वरी तीच." त्यांनी आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. "हात गेला माझा, ऋजू."

त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. मी केलेली पिठल्याची आवृत्ती त्यांनी निमूटपणे खाल्ली, आणि यावरून काय ते ओळखा. माझा नवरा विश्वजित म्हणाला, "आई, ह्या वर्षी नाही विकली तर नाही विकली." त्यावर त्या म्हणाल्या, "इकायचं कोन बोलालंय? मी माझ्या हाताचं बोलालेय." त्यांचं वय होत होतं, गुडघे दुखत होते, नावं विसरायला होत होती, पण हात शाबूत होता, आणि त्यावर त्या उभ्या होत्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं. कामावर मी रोज लोकांना सांगते की नखी फक्त खरं सांगते. हे खरं समोर बसून ऐकणाऱ्याचं काय होतं ते आम्ही कधी तपासलेलं नव्हतं.

मग मी काय करू शकत होते ते केलं. गेल्या वर्षीच्या चटणीचा ठसा घेतला, त्यातून या वर्षीचा वजा केला आणि काय उरतं ते पाहत बसले. बहुतेक सगळं रद्द झालं. कांदा, लसूण, खोबरं, तीळ सगळे मुकाट्यानं निघून गेले. उरली ती एका रेणूची थरथर आणि तिच्याभोवती थोडी बारीक गर्दी. आधी वाटलं मिरचीच्या तिखटाचीच आहे, कारण बंध त्याच जातीचा होता. पण गती जराशी निराळी. एकाच घराण्यातला, पण निराळा रेणू. सांशूल त्याचं नाव. तो तिखट नसतो. तो जिभेच्या स्पर्शाच्या नसांना फसवतो, आणि त्यांना वाटतं कुणीतरी जलद जलद टिचक्या मारतंय. झिणझिणी ती हीच. आपल्याकडे हा रेणू मुख्यतः एकाच मसाल्यात सापडतो, कोकणात माशांच्या आमटीत घालतात त्या.

मी आनंदानं धावत बाहेर गेले. "आई, तुम्ही चटणीत तिरफळ घालता? यंदा घालायचं राहिलं, बस्स, एवढंच झालंय!"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांना भुसा घालता का असं विचारलं असतं तरी बरं झालं असतं.

"तिरफळ? माझ्या चटणीत? माझ्या घरात तिरफळ आलेलं न्हाई. येनार न्हाई."

मग मला आठवलं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. सासूबाईंना एक थोरली जाऊ आहे, रत्नप्रभा, आम्ही त्यांना मोठ्या आई म्हणतो, सासूबाई आक्का. त्यांचं माहेर घाटाखाली, सावंतवाडीकडे, आणि चटणीत तिरफळ घालायची सवय त्या माहेराहून घेऊन आल्या. विश्वजितच्या जावळाच्या जेवणाला मटणाचा रस्सा त्यांनी केला होता, आपल्या चटणीचा. पाहुणे जेवत होते. सासूबाईंनी वाटी तोंडाला लावली आणि पंगतीत मोठ्यानं म्हणाल्या, "ह्याला खोकल्याच्या औषदाचा वास येतोय." सगळे हसले. मोठ्या आई हसल्या नाहीत. त्याच वर्षात चूल वेगळी झाली, पुढे मोठ्या आई कडगाव रस्त्याला राहायला गेल्या, आणि दोघींचं बोलणं बंद झालं. विश्वजित आता चाळिशीला आला आहे.

"मग हे आलं कुठून?" मी म्हटलं. "जुन्या प्रत्येक पाकिटात आहे. यंदाच नाही."

सासूबाईंचा चेहरा बदलत गेला. त्या उठल्या, आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनी माळ्याच्या शिडीवर चढल्या, मी नको नको म्हणत असताना वरून एक धुळीनं भरलेली बरणी घेऊन उतरल्या आणि ती माझ्यासमोर ठेवली. "ही बग."

"ही कधीची?"

"एका वर्सी चटणी बिघडली हुती. तू लग्न होऊन आली न्हवतीस. कुनी दुसऱ्यांदा मागितली न्हाई. मी मिरचीवाल्याला शिव्या घातल्या. बग की."

मी तपासली. सांशूल नव्हतं. या वर्षीच्या चटणीची ती सख्खी बहीण होती.

"त्या वर्सी," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आक्काचा मोतीबिंदू काढला हुता. ती डंकावर आली न्हवती. यंदा गुडघ्याचं आप्रेशन झालंय म्हनं. यंदाबी न्हाई आली."

मला अजून उलगडा होत नव्हता, कारण मी कधी डंकावर नंबर लावलेला नाही. सासूबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं.

डंकावर लोखंडी मुसळांची रांग असते. वरचा दांडा फिरतो तशी एकेक उचलली जाते आणि खालच्या उखळात आदळते. कांडून झालं की चटणी काढायची, पण उखळाला ओला फडका लावायचा नाही, कारण पाण्याचा अंश राहिला तर पुढच्या बाईच्या चटणीला बुरशी येते. कोरडा हात फिरवायचा, निघेल तेवढं निघेल. म्हणजे प्रत्येक बाईच्या चटणीत तिच्या आधीच्या बाईची थोडी चटणी जातेच. म्हणून नंबर लावताना बायका मिरच्यांचं वजन नंतर बघतात, आधी पुढे कोण आहे ते बघतात. पुढे घरचंच माणूस असलं की चांगलं. चौगुल्यांच्या घरात पद्धत ठरलेली होती. थोरलीनं मूठभर धणे कांडून उखळं साफ करायची आणि पहिला नंबर घ्यायचा, तिच्यामागून धाकटीचा दुसरा.

चूल वेगळी झाली, घर वेगळं झालं, बोलणं बंद झालं, पण नंबर बदलला नाही. दर उन्हाळ्यात दोघी मल्लाप्पाच्या डंकावर यायच्या, बाकाच्या दोन टोकांना पाठ करून बसायच्या, थोरली कांडून निघून जायची आणि धाकटी तिच्याच उखळांत आपली चटणी ओतायची. मी विचारलं, एवढा राग होता तर नंबर का नाही बदलला? सासूबाईंना हा प्रश्नच कळला नाही.

"बदलून कुनामागं लावायचा? परक्या बाईचं उष्टं खायाचं व्हय?"

तर असं होतं. जिच्या रश्श्याला औषधाचा वास येत होता तिचं तिरफळ सासूबाईंच्या चटणीत इतकी वर्षं जात होतं, आणि दुबईची माणसं त्याचीच वाट बघत होती. हे त्यांच्या ध्यानात आलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे हात गेलेला न्हाई माझा." त्यानंतर बऱ्याच वेळानं, अगदी हळू आवाजात, "म्हंजे हात माझा न्हवताच."

दुसऱ्या दिवशी बाजारातून तिरफळ आणवलं गेलं. त्यांनी नाकाला पदर लावून ते भाजलं, कुटलं आणि किलोभर चटणीत घालून पाहिलं. जिभेला झिणझिणी आली खरी, पण घरभर जो वास सुटला त्याला खोकल्याच्या औषधाचा म्हणण्याचा मोह मलाही झाला. मी तो आवरला, कारण एकदा त्या शब्दांवरून घर फुटलेलं होतं. नखीनं पुन्हा लाल अक्षरं दाखवली.

"तिच्या तिरफळाला असा वास न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "ती काय करती कुनास ठावं. बी काढती, का तेलात परतती, का आनि काय. तुज्या यंत्राला कळंल का?"

"कळेल," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. जुन्या ठशांत सांशूलच्या भोवती जी बारीक गर्दी होती, ती मोठ्या आईंच्या चटणीचीच होती. आठ-दहा दिवस दिले तर मी ती सोडवून दाखवली असती. तिरफळ कच्चं की परतलेलं, कुठल्या तेलात, सोबत आणखी काय, सगळं. "आपण तसं करू शकतो, आई. कुणाकडे जायला नको. कुणाला कळणारही नाही."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. इतक्या वर्षांचा अबोला एका बाजूला आणि नखाएवढी पट्टी दुसऱ्या बाजूला. मी पट्टी लावायला बसलेही. त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या, चष्मा पदरानं पुसला, पडद्यावरच्या रेघा बघत राहिल्या.

"पुन्यातल्या त्या चोरांनी असंच केलं असतं न्हवं? माझं पाकीट घेऊन, वाचून?"

"त्यांच्याकडे तेवढी अक्कल नव्हती. पण हो, असंच केलं असतं."

"मग बंद कर त्ये."

मी केलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, कारण मी ते करणार होते आणि मला ते करायचं नव्हतं.

"इरकल नेसते," त्या म्हणाल्या. "तू चल संगं. मी काय वंगाळ बोलाय लागले तर पायावर पाय दे माझ्या."

मोठ्या आईंच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा त्या पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या, ऑपरेशनचा पाय समोर स्टुलावर ठेवून. उंच बाई, अंगानं काटक, नाकात अजून मोठी नथणी. त्यांचा मुलगा कामाला गेलेला होता. आम्हाला बघून त्या उठल्या नाहीत, उठता येत नव्हतंच. पण 'या'ही म्हणाल्या नाहीत, ते म्हणता येत असूनही. सासूबाई उंबऱ्याशी थांबल्या. मग मी एक वेताचा मोडा ओढला आणि त्यांना बसवलं.

रस्त्यावरून उसाची गाडी गेली.

"पाय कसा हाय?" शेवटी सासूबाई म्हणाल्या.

"हाय आपला जाग्यावर."

सासूबाईंनी पिशवीतून छोटी डबी काढली. यंदाची चटणी. उघडून पुढे केली. मोठ्या आईंनी चिमूटभर तळहातावर घेतली, जिभेवर टेकवली आणि डबी परत केली.

"मुकी हाय," त्या म्हणाल्या.

माझ्या सासूबाईंनी पाठ ताठ केली. मी पाय तयार ठेवला. पण त्या वाईट काहीच बोलल्या नाहीत. सगळं सांगितलं. नखीचं सांगितलं, बरणीचं सांगितलं, बाजारच्या तिरफळाचं सांगितलं.

"आक्का, त्या दिवशी रस्सा चांगला हुता. मी दोनदा वाडून घेतला हुता. चारचौघांत हसवायला बोलले मी, आनि चुकलं माझं. लोक माझी म्हनून जी चटणी खायाली हुती ती तुमची हुती. उखळात तुमचं उरायचं, तेच्यावर माझं नाव झालं. मला ठावं न्हवतं."

"मला ठावं हुतं," मोठ्या आई म्हणाल्या.

सासूबाई बघतच राहिल्या. "उरतंय म्हनून?"

"उरतंय कशाचं? माझा हात कोरडा फिरला की उखळात काय ऱ्हात न्हाई. ठेवत हुते मी. एकेका उखळात एकेक मूठ. मल्लाप्पाचा बा बघायचा, पर बोलायचा न्हाई."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पदर उचलला. "माझ्यासाटी ठेवत हुता, आक्का? एवढं सगळं झालं तरी?"

"तुझ्यासाटी?" मोठ्या आईंची नथणी हलली. "तुझ्यावरच्या रागानं! खोकल्याचं औषद म्हनलीस न्हवं? म्हटलं आता खा वरीसभर. सकाळ-संध्याकाळ खा. घरात सगळ्यांस्नी खाऊ घाल. पहिल्या वर्सी तर मी मुद्दाम तिरफळ जास्त घातलं हुतं."

मी आधी हसले. आवरलंच नाही. मग मोठ्या आईंचा ओठ कोपऱ्यात हलला, आणि सासूबाई पदर डोळ्यांना तसाच धरून पदराआडून हसायला लागल्या. दोन म्हाताऱ्या बायका इतक्या हसल्या की शेजारची बाई कुंपणाशी येऊन बघून गेली.

"आनि झालं काय," मोठ्या आई दम घेत म्हणाल्या, "सगळीकडं शालनची चटणी, शालनची चटणी. पेपरात फोटू. मला कळंना, मी एवढा राग घातलाय तो गेला कुठं?"

"मग ठेवायचं बंद का न्हाई केलं तुमी?"

मोठ्या आईंनी पायावरची चादर सारखी केली. "मोतीबिंदूच्या वर्सी झालं की बंद. तवा ऐकलं, तुझी चटणी कुनी मागंना. मला बरं वाटाय पायजे हुतं." त्या थांबल्या. "न्हाई वाटलं. लई वंगाळ वाटलं, शालन. पुढच्या वर्सी उन्हाळा लागल्या लागल्या पहिली डंकावर गेले मी."

सासूबाईंनी मोडा पुढे ओढला. इतका, की त्यांचा गुडघा स्टुलाला लागला. इतका वेळ मांडीवर पडून राहिलेला उजवा हात त्यांनी मोठ्या आईंच्या पायाशी, चादरीवर ठेवला.

"मग यंदाबी काढा की माझ्यावर राग," त्या म्हणाल्या.

मोठ्या आईंनी पाय हळूहळू स्टुलावरून खाली घेतला आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"उठव गं पोरी मला. आनि त्या मल्लाप्पाला फोन लाव, उखळं रिकामी ठेव म्हनावं."